विटकरी ड्रेस, रुंद पट्टा

माझ्या मोठ्या नणंदेनं आयुष्यात साडीशिवाय दुसरं काही अंगाला लावलं नव्हतं. मी त्यांना वन्सं म्हणायचे. मेढ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, थोडी भाताची खाचरं, गोठ्यात म्हशी, आणि यजमान फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. मी सांगलीची, घरी शिवणकाम करणारी. वर्षातून एखाद-दोनदा आमची गाठ पडायची, ती पाहुणचारात आणि "बरं चाललंय नव्हं?" एवढ्या बोलण्यात संपायची. भांडण कधी झालं नाही, पण जवळीकही नव्हती.

आषाढात त्यांना मिरजेच्या दवाखान्यात आणलं. वर्षभर परसाकडेला रक्त जात होतं, पण मूळव्याध असेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बाईमाणूस, सांगणार तरी कुणाला! तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून डॉक्टरांनी शौचाची नेहमीची वाट कायमची बंद केली आणि आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला बाहेर काढलं. त्यावर एक पिशवी चिकटवायची. मळ त्या पिशवीत गोळा होणार, आणि तो केव्हा येईल यावर माणसाचा ताबा नसणार. हे सगळं डॉक्टरांनी आधी समजावून सांगितलं होतं, वन्संनी मानही डोलावली होती. पण शुद्धीवर आल्यावर चादर वर करून त्यांनी पाहिलं आणि सिस्टरला विचारलं, "ह्ये कवा काढणार?"

"मावशी, हे काढायचं नसतं. आता हे असंच."

वन्संनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळपर्यंत त्या वळल्या नाहीत.

पुढे केमो मिरजेलाच घ्यायचे होते. मेढ्याहून एवढ्या फेऱ्या झेपणार नव्हत्या, म्हणून माझे यजमान त्यांना आमच्या घरी घेऊन आले. शेवटी त्यांचीच बहीण. माझ्या शिवणाच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. पुराच्या पाण्यात फळी फुगून वाकडी झालेलं माझं पायाचं मशीन, कपाट, कापडाची गाठोडी आणि मध्ये वन्सं. त्या खिडकी सतत उघडी ठेवायच्या. पाऊस आत आला तरी लावू द्यायच्या नाहीत. "वास येतोय," म्हणायच्या. खरं सांगायचं तर पुष्कळदा येत नसे. कधी कधी येई. पिशवीतून बारीक आवाजही निघायचा, पोटात गुरगुरल्यासारखा, आणि तो निघाला की त्या जोरात खोकायच्या.

सुभेदार एकदा आले. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले, चहा घेतला, माझ्या यजमानांशी पावसापाण्याचं बोलले. मी म्हटलं, "आत या की, वन्सं जाग्या आहेत." तर म्हणाले, "झोपू द्या तिला." आणि उठले. वन्सं आतून सगळं ऐकत होत्या. नंतर कधीतरी शेंगा सोलता सोलता त्यांनी मला सांगितलं की ऑपरेशननंतर मधे आठ-पंधरा दिवस मेढ्याला गेल्या होत्या, तेव्हा जावेनं त्यांचं ताट-वाटी वेगळं मांडलं होतं आणि देवघराच्या उंबऱ्याला हात लावू दिला नव्हता. अंथरूण बाहेरच्या सोप्यात. "ह्यांनीच सांगितलं तसं करा म्हणून," वन्सं म्हणाल्या. शेंगा सोलायचं काही थांबलं नाही.

गणपती झाले आणि त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कवठे महांकाळकडचा, तोही फौजेतच. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर, साताऱ्यातल्या एका कार्यालयात. बातमी द्यायला सुभेदारांचा फोन आला. फोन माझ्या हातात होता, आवाज मोठा होता आणि वन्सं शेजारीच बसल्या होत्या.

"तिला म्हणावं, येयाची घाई करू नको. पोरीच्या ओटीचं, मानपानाचं धाकटी भावजय बघंल. पाहुण्यांना मी सांगितलंय, पित्ताचे खडे काढल्यात म्हणून. चारचौघांत काय झालं तर पोरीचं न्हाई त्ये व्हायचं."

मी काही बोलायच्या आत वन्संनी फोन माझ्या हातातून घेतला. "मी येणार हाय," एवढंच म्हणाल्या आणि फोन कसा बंद करायचा ते न कळल्यामुळे तसाच मला परत दिला. पलीकडून "अगं, आयक तर" असं चाललेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ट्रंकेतून जरीकाठाची साडी काढायला लावली. नेसून बघायची म्हणाल्या. तेव्हा आम्हाला दोघींना कळलं की परकराची नाडी नेमकी पिशवीवरच येते. वर बांधली तर परकर घसरायचा, खाली बांधली तर पिशवीच्या तोंडाशी काचायची. सैल बांधून, वरून निऱ्या खोचून त्या उभ्या राहिल्या. आरशात बघितलं. पदर सारखा केला. आणि खुर्चीवर बसायला म्हणून वाकल्या तशी पिशवी एका बाजूनं सुटली.

त्या हलल्या नाहीत. निऱ्यांतून खाली फरशीवर यायला लागलं तरी हात तसेच पदरावर. मी पाणी आणलं, फडकी आणली, साडी सोडवली. त्या म्हणाल्या, "तू नको करूस, वैनी. सोड." मी म्हटलं, "मग कोण करणार? आत्ता इथं आपण दोघीच आहोत." न्हाणीत त्यांना स्टुलावर बसवून धुतलं. आजवर त्या माझ्याकडे पाठ करूनच पिशवी बदलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते उघडं पाहिलं. लालगुलाबी, ओलं, लहान मुलाच्या ओठांएवढं काहीतरी, आणि ते आपलं आपण हलत होतं. मला वाटलं होतं मला किळस येईल. आली नाही असं नाही, पण वाटली होती तेवढी नाही.

साडी मी भिजत घातली आणि मशीनपाशी जाऊन बसले. काही सुचत नव्हतं. गिऱ्हाइकांसाठी फॅशनची चित्रं मी फोनवर बघत असते, तशी बघत होते. त्यात एका परदेशी बाईचं चित्र आलं. झाडाची पानं पिवळी-लाल झालेली, त्या झाडाखाली ती उभी, अंगात पायघोळ, पुऱ्या बाह्यांचा जाडसर कापडाचा ड्रेस आणि कमरेला त्याच कापडाचा वीतभर रुंद पट्टा. त्यांच्याकडच्या पानगळीच्या दिवसांत घालायचा तो ड्रेस. आपल्याकडे साखरपुड्याला तशीच हवा असणार होती, दिवसा ऊन आणि ते कलल्यावर गारठा. पण मी बघत होते तो पट्टा. ड्रेस खांद्यावरून लोंबणार, कमरेला नाडी नाहीच. आणि पट्टा इतका रुंद की त्याच्या आत काहीही मावेल.

मी ते वन्संना दाखवलं. त्या भडकल्याच.

"झगा? लेकीच्या साखरपुड्यात मी झगा घालून मिरवू?"

"झगा नाही. अंगभर असेल, पायघोळ. वरनं ओढणी घेऊ."

"लोक हसत्याल."

"हसू देत. साडीत जे झालं ते तिथं झालं तर?"

हे मी बोलायला नको होतं असं बोलल्याबरोबर वाटलं. पण त्यांनी फोन पुन्हा ओढून घेतला, चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "रंग कसला घेणार?"

मारुती रोडवर जाऊन मी जाडसर सुती कापड आणलं, विटकरी रंगाचं. दुकानदारानं विचारलं, "पडद्यासाठी का, ताई?" हलकं कापड पोटावर चिकटतं आणि आतला आकार दाखवतं, म्हणून मला जाडच हवं होतं. घरी येऊन ते पाण्यात भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली. सुती कापड आटतं आणि एकदा शिवल्यावर आटलं तर सगळं फसतं. मापं घ्यायला वन्सं उभ्या राहिल्या. उभ्याचं माप घेतलं, मग बसवून घेतलं, मग जेवण झाल्यावर पिशवी भरलेली असताना पुन्हा घेतलं. मी टेप धरायचे तेव्हा त्या डोळे मिटून घ्यायच्या. हाडं हाताला लागत होती. शिवणाऱ्या बाईला माणसाचं अंग मापातून कळतं. हे अंग महिन्याभरात आणखी कमी होणार हे मला कळत होतं, आणि मी कापड थोडं कमी सोडावं की जास्त, ते कळत नव्हतं.

खंडेनवमीला मशीन चालवायचं नसतं. वन्संनी सकाळी आंघोळ करून मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. माझ्या देवघरात जायला मी त्यांना कधी अडवलं नव्हतं, तरी त्या जात नसत. मशीनला मात्र त्या वाकून पाया पडल्या.

ड्रेस सोपा होता. पट्ट्यानं छळलं. आधी एका जुन्या चादरीच्या कापडावर बेतून पाहिला. पट्टा ताठ राहावा म्हणून आत बकरम घालतात; पण बकरमचा दाब पोटावरच्या त्या तोंडावर पडायला लागला आणि तिथली कातडी लाल झाली. मी मिरजेच्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "दाब अजिबात नको. पिशवीला फुगायला जागा हवी." मग डाव्या बाजूचं बकरम कापून काढलं, आतून मऊ मलमलचा कप्पा लावला आणि बाहेरच्या कापडाला चुण्या घेऊन वाटीसारखा फुगवटा दिला. पण फुगवटा एकीकडेच आला तर सगळ्यांची नजर तिथंच जाणार. म्हणून उजवीकडेही तसाच केला, रिकामा. पट्ट्याखाली ड्रेसला एक झाकलेली फट ठेवली, म्हणजे सगळं न उतरवता पिशवी रिकामी करता येईल. मागं रुंद वेलक्रो. एकदा उसवला, पुन्हा शिवला. दर वेळी वन्सं अंगात घालून पलंगावर बसायच्या, उठायच्या, खाली वाकून जोडवी सारखी केल्यासारखं करायच्या, कारण साखरपुड्यात वाकावं लागणार हे त्यांना ठाऊक होतं.

"घट्ट वाटतं का?"

"न्हाई. पोटाशी कुणी हात धरल्यावानी वाटतंय."

त्या काळात आम्ही बोलायला लागलो. त्या मला मेढ्याचं सांगायच्या. थंडीत गोठ्यात शेकोटी करायचं, सुभेदार सरहद्दीवर असताना त्यांची पत्रं सासू आधी वाचून मग वन्संच्या हातात द्यायची ते, पहिली दोन मुलं गेल्याचं. ती दोन मुलं झाली होती हेच मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी त्यांची भावजय होते.

साखरपुड्याच्या दिवशी पहाटेच निघालो. त्यांनी आदल्या दिवसापासून पोटात फारसं काही घेतलं नव्हतं, म्हणजे पिशवी कमी भरेल. माझे यजमान गाडी चालवत होते, मी मागे वन्संजवळ. कराडच्या पुढे त्यांनी विचारलं, "नीट दिसतंय नव्हं?" मी म्हटलं, "छान दिसतंय." खरंच दिसत होतं. विटकरी रंग त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्यालाही शोभत होता.

कार्यालयाच्या दारात त्या उतरल्या आणि बायकांचं बोलणं थांबलं. जाऊ पुढं आली. "आवं आक्का, ह्ये काय घातलंय?"

"वैनीनं शिवलंय," वन्सं म्हणाल्या आणि तिच्या बाजूनं आत गेल्या.

सुभेदार फेटा बांधून पाहुण्यांत उभे होते. त्यांनी पाहिलं, जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "साडी मिळाली न्हाई व्हय? घरी बसली आसतीस तर काय बिघडलं आसतं?" वन्सं तशाच स्टेजकडे चालत राहिल्या. मुलगी स्टेजवरून उतरून धावत आली. तिनं आईला मिठी मारायला हात पुढं केले आणि मधेच थांबली, कुठं धरावं ते तिला कळेना. मग नुसते हात हातात घेतले आणि रडायला लागली. वन्सं म्हणाल्या, "काजळ फिसकाटतंय, गप."

विधी नीट झाला. वन्संनी विहीणबाईंची ओटी भरली, वाकल्या, उठल्या. काही झालं नाही. मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्या पट्ट्याकडे बघत होते, दुसरं काही मला दिसलंच नाही. मग विहीणबाईंनी त्यांना उराशी धरलं. क्षणभरच. पण सोडताना त्यांचा हात पट्ट्यावर राहिला आणि त्यांनी विचारलं, "खडे काढल्यात म्हणं पोटातलं?"

सुभेदार तिथंच होते. ते काही म्हणायच्या आत वन्सं बोलल्या, "खडे न्हाईत. कॅन्सर हाय मला. पोटावर पिशवी लावल्याली हाय. तुमच्या घरात पोरगी द्यायची ती खोटं बोलून कशाला?"

आवाज मोठा नव्हता, पण जवळच्या सगळ्यांनी ऐकलं. दोन्हीकडची वडीलमंडळी बाजूच्या खोलीत गेली. जेवणाच्या पंगती थांबल्या. आम्ही बायका खुर्च्यांवर बसून राहिलो. मला वाटलं, मोडलं. वन्संच्या बोटांनी पट्ट्याची कड धरून ठेवली होती.

मोडलं नाही. माणसं बाहेर आली आणि विहीणबाई वन्संच्या शेजारी येऊन बसल्या. वाईट बाई नव्हती ती. हळूच म्हणाली, "लगीन वैशाखात धरलं हुतं, ते मार्गशीर्षात घ्यावं म्हणत्यात सगळी. पुढं काय अडचण आली तर मग वरीसभर थांबाया लागंल."

कसली अडचण ते तिनं सांगितलं नाही. जिची अडचण होणार होती ती शेजारीच बसली होती.

"बरोबर बोलताय," वन्सं म्हणाल्या. "उरका लौकर."

परतीच्या वाटेवर कराड आलं. वन्सं म्हणाल्या, "पट्टा काढ गं आता." मी मागून सोडला. पिशवी पुरती फुगली होती, पण कुठंही सुटली नव्हती. रस्त्याकडेच्या एका हॉटेलाच्या मोरीत मी त्यांना नेलं. बाहेर आल्यावर त्या उसाच्या फडाकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मरणाची तारीख धरून पोरीचं लगीन लावत्यात." मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि गाडीत जाऊन बसल्या.

लग्नाला त्या जाऊ शकल्या नाहीत. तोवर आजार यकृतात गेला होता, डोळे पिवळे झाले होते आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. माझे यजमान गेले, मी वन्संजवळ थांबले. सकाळी त्यांनी तो ड्रेस घालायला मागितला. पट्टा मी दोनदा आत घेतला होता, तरी तो सैल झाला. उशांना टेकवून त्यांना बसवलं आणि अक्षतांच्या वेळी यजमानांना व्हिडिओ फोन लावला. आम्हाला मांडवाचं छत दिसलं, कुणाचा तरी फेटा दिसला, एकदा मुलीच्या हिरव्या चुड्याचा हात दिसला. मग चित्र थिजलं. मंगलाष्टकं मात्र ऐकू येत होती. वन्सं ओंजळीतल्या अक्षता फोनवर टाकत राहिल्या, मी त्या पांघरुणातून वेचत राहिले.

मुलगी नवऱ्याबरोबर पाया पडायला आली तेव्हा त्या तिला ओळखत होत्या. पुढच्या आठवड्यात ओळख गेली. पौषात एका दुपारी त्या गेल्या, माझ्या शिवणाच्या खोलीतच.

मेढ्याहून वन्संच्या जावा आल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू सगळं घेऊन आल्या होत्या. आंघोळ घालताना पिशवीपाशी सगळ्यांचे हात थांबले. ती मी काढली, ती जागा पुसली, कापूस लावला. मग त्यांनी परकर चढवला आणि नाडी आवळून बांधली, अगदी त्या जागेवरून. मी "सैल बांधा" म्हणणार होते. म्हटलं नाही. आता कुठूनही बांधली तरी चालणार होती.

त्यांच्या अंथरुणाबरोबर त्यांचे कपडेही जावांनी बांधून नेले आणि ओढ्याकाठी जाळले. ड्रेस त्यातच गेला. मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी तो मागून घेतला असता असं वाटत नाही.

तेराव्याला आम्ही मेढ्याला गेलो. जेवणं उरकली होती, बायका आत भांडी घासत होत्या. मी अंगणाच्या कडेला हात धूत होते, तेव्हा सुभेदार आले. दाढी वाढली होती. तांब्या उचलून माझ्या हातावर त्यांनीच पाणी घातलं. असं ते कधी करत नसत.

"वैनी, येक इचारायचं हुतं."

"विचारा की."

"शेवटाला... माझ्याबद्दल काय बोलली का ती?"

मी विचार केला. एवढे महिने त्या माझ्याजवळ होत्या. शेवटच्या दिवसांत मेलेल्या मुलांबद्दल बोलल्या, म्हशींबद्दल, सासूबद्दल, मुलीच्या नव्या घराबद्दल बोलल्या. खोटं सांगून सुभेदारांना बरं वाटवता आलं असतं, किंवा खोटंच सांगून बोचवताही आलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "काहीच बोलल्या नाहीत."

त्यांनी मान हलवली. रिकामा तांब्या खाली ठेवला. मग मांडवाचा एक दोर सुटून लोंबत होता तो बांधायला गेले.